पहिलं पुस्तक कोणतं? फोंड्यातल्या एका क्विझ रात्रीचं प्रकरण

जुलैचा शेवटचा शुक्रवार. फोंड्यात दुपारपासून पाऊस कोसळत होता, वीज दोनदा जाऊन आली होती, तरी बाजारामागच्या त्या बारमधली सहाही टेबलं भरली होती. चार फेऱ्या झाल्या, चाळीस प्रश्न संपले आणि दोन टेबलं एकतीस गुणांवर बरोबरीत राहिली. मी पाकिटातून टायब्रेकचं कार्ड काढून वाचलं: ‘भारतात छापलेलं पहिलं पुस्तक कोणत्या साली निघालं?’

कार्डाच्या पाठीवर मी उत्तर लिहून ठेवलं होतं, १५५७. एका टेबलाने १५५६ लिहून दिलं, दुसऱ्याने १५६१. बरोबरीत नसलेल्या टेबलांवरूनही साल ऐकू येऊ लागली: १५७८, १६१६, १८०५. पुढचा पाऊण तास त्या एका वाक्यात गेला. रात्री घरी येऊन एकेक साल तपासलं, तेव्हा लक्षात आलं की त्या खोलीत अंदाजाने कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येक सालामागे खरोखर घडलेली गोष्ट होती.

क्विझ घेणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

कोण, कुठे, कसं

मी शाळेत विज्ञान शिकवतो. महिन्यातून एकदा या बारमध्ये मराठीतून क्विझ घेतो. प्रश्न मराठीत, उत्तर मराठी, कोंकणी, इंग्लिश कशातही चालतं. मोबाइल दाराजवळच्या ट्रेमध्ये उपडे ठेवायचे. जिंकणाऱ्या टेबलाचं त्या रात्रीचं बिल पात्रांव, म्हणजे बारचा मालक, घेत नाही. फेणी, तळलेले बांगडे आणि रोस ऑम्लेट धरून ती रक्कम काही थोडीथोडकी होत नाही, त्यामुळे टायब्रेकला वजन असतं.

बरोबरीत आलेलं एक टेबल खिडकीजवळचं. तिथे एक निवृत्त ग्रंथपाल बाई, त्यांचे दीर आणि दोन शेजारी. दुसरं दारापाशी, फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या चार पोरांचं. बाकीच्यांत गावातले एक छापखानेवाले, एक कीर्तनकार आणि मूळचे तिरुनेलवेलीचे, पण वीस वर्षं गोव्यात राहून मराठी सफाईने बोलणारे एक बँक अधिकारी होते. या तिघांची नावं सांगत नाही, पण त्यांचे धंदे लक्षात ठेवावेत. वाद पुढे धंद्याच्याच वाटेने गेला.

आधीचे चाळीस प्रश्न का बिघडले नाहीत

त्या रात्रीचा मला सर्वांत आवडलेला प्रश्न असा होता: ‘१९७७ साली अवकाशात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर एक सोनेरी तबकडी आहे. तिच्यात भारतातलं एकच गाणं आहे. ते गाणाऱ्या बाई आपल्याच तालुक्यात जन्मल्या. बाई कोण?’ उत्तर, केसरबाई केरकर. गाणं भैरवीतलं, ‘जात कहाँ हो’. पाच टेबलांना आलं. ज्यांना व्हॉयेजर ठाऊक नव्हतं, ते ‘आपल्या तालुक्यातल्या मोठ्या गायिका’ या टोकाकडून केरी या त्यांच्या गावापर्यंत पोहोचले. ज्यांना गाणं कळत नव्हतं, ते यानाच्या बाजूने आले. चांगल्या प्रश्नाला अशा दोन वाटा असाव्यात असं माझं ठाम मत आहे. नुसतं पाठ असलं तर येईल आणि नसलं तर येणारच नाही, असा प्रश्न टेबलावर मुकाटपणा पसरवतो.

दुसरा प्रश्न राज्यांवरचा. क्षेत्रफळाने सर्वांत लहान राज्य गोवा, ३,७०२ चौरस किलोमीटर, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. मी विचारलं, ‘२०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्येने सर्वांत लहान राज्य कोणतं?’ उत्तर सिक्कीम. दोन टेबलं घाईत गोवा लिहून बसली, पण उत्तर वाचल्यावर एकानेही हरकत घेतली नाही. कारण कशाने लहान आणि कुठल्या वर्षीच्या मोजणीने, हे दोन्ही प्रश्नातच होतं. शनीच्या चंद्रांच्या प्रश्नातही मी ‘मार्च २०२५च्या घोषणेनंतर’ हे शब्द घातले होते. त्या महिन्यात १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळून आकडा २७४वर गेला. तारीख नसती तर जुनी पुस्तकं वाचणारा माणूस बरोबर असूनही चुकीचा ठरला असता.

म्हणजे माप सांगायचं, काळ सांगायचा, हे मला कळत होतं. चाळीस प्रश्नांत मी ते पाळलं. एक्केचाळिसावं कार्ड मात्र आयत्या वेळी, वीज गेलेली असताना मेणबत्तीच्या उजेडात लिहिलं होतं. मूळ टायब्रेकचं कार्ड घरी राहिलं होतं.

वाद

मी उत्तर जाहीर केलं, १५५७. दोन्ही टेबलं चूक.

पोरांमधला एक उठला. ‘सर, छापखाना छप्पनला आला आणि छप्पनलाच छपाई झाली. मग सत्तावन्न कसं?’

मी म्हटलं, ‘पुस्तकात तसंच आहे.’

हे म्हणायला नको होतं. ग्रंथपाल बाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. ‘कुठल्या पुस्तकात, सर? आणि ते लिहिणाऱ्याने सत्तावन्नची प्रत डोळ्यांनी पाहिली आहे का? एक तरी पान?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कार्डाला धरून राहिलो आणि दहा मिनिटं तसाच राहिलो. या प्रकरणातली खरी चूक मला ती दहा मिनिटं वाटतात. प्रश्न सैल होता हे एक. पण तो सैल आहे हे समोर दिसत असताना मी अधिकाराने बोलत राहिलो, आणि खोलीतली हवा तिथे बिघडली.

प्रत्येक सालामागे काय आहे

आता सालं एकेक करून घेऊ. इतकी रंजक गोष्ट आपल्या दारात घडली असताना मी तिच्यातून नुसता एक आकडा विचारला, याचं मला अजून वाईट वाटतं.

पोरांचं १५५६. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पोर्तुगालहून आलेल्या जहाजातून एक छपाईयंत्र गोव्यात उतरलं. ते गोव्यासाठी नव्हतंच. ते अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, तिथल्या मिशनसाठी निघालं होतं. तिथल्या सम्राटाकडून मिशनऱ्यांच्या स्वागताची चिन्हं दिसेनात आणि यंत्र इथेच राहिलं. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात ते बसवलं. त्या कॉलेजची आज एक कमान तेवढी उभी आहे. यंत्राबरोबर बुस्तामांते नावाचा मुद्रक आला होता. त्याच वर्षी तिथे तत्त्वज्ञानावरच्या वादसभेसाठी प्रमेयं छापली गेली. भारतातली ती पहिली छपाई. पण वादसभेत वाटायच्या मुद्द्यांना पुस्तक म्हणायचं का? पोरांनी ‘छापलेलं’ या शब्दावर भर दिला होता, ‘पुस्तक’ या शब्दावर नाही.

माझं १५५७. त्या वर्षी फ्रान्सिस झेवियर यांची ख्रिस्ती धर्मशिकवणीची पोथी याच यंत्रावर छापली गेली. झेवियर १५५२मध्येच वारले होते, म्हणजे ती त्यांच्यामागे पाच वर्षांनी निघाली. हे बांधेसूद पुस्तक, म्हणून बरेच जण पहिलेपणाचा मान त्याला देतात. पण त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. ते छापलं गेलं हे आपल्याला इतर कागदपत्रांवरून कळतं.

बाईंचं १५६१. गोव्याचे पहिले आर्चबिशप गास्पार द लियांव यांनी लिहिलेला, ख्रिस्ती जीवनावरचा एक पोर्तुगीज ग्रंथ त्या वर्षी गोव्यात छापला. गोव्यात छापलेल्यांपैकी हातात धरता येईल असं हे सर्वांत जुनं पुस्तक. त्याची प्रत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. बाईंनी हयातभर पुस्तकांच्या नोंदी केल्या. त्यांच्या दृष्टीने जे कपाटात सापडत नाही, त्याला पहिला नंबर देता येत नाही. हा हट्ट नाही, ती त्यांच्या कामाची शिस्त आहे, आणि मला ती पटते. दोनच वर्षांनी, १५६३ साली, गार्सिया द ऑर्ता यांचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ गोव्यातच निघाला. तोही माझ्या कार्डांत असायला हवा होता. माझ्यासारख्या विज्ञान शिक्षकाने तो सोडावा हे योग्य नव्हे.

बँक अधिकाऱ्यांचं १५७८. केरळात कोल्लमला त्या वर्षी ऑक्टोबरात सोळा पानांची एक तमिळ पुस्तिका छापली गेली. हेन्रीक हेन्रीकेस यांनी झेवियर यांच्याच पोथीवरून ती तमिळमध्ये केली होती. भारतात, भारतीय भाषेत, भारतीय लिपीत छापलेलं हे पहिलं पुस्तक. तमिळ अक्षरं पोर्तुगीजांनी आदल्याच वर्षी गोव्यात ओतवून घेतली होती, हेही इथे सांगायला हवं. अधिकारी शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही भारतात म्हणालात, पोर्तुगीजमध्ये म्हणाला नाहीत.’ या माणसाला गेल्या वीस वर्षांत किती क्विझमध्ये ‘पहिलं’ म्हणजे परक्या भाषेतलं, हे मुकाट्याने ऐकून घ्यावं लागलं असेल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

कीर्तनकारांचं १६१६. झुआरीपलीकडे रायतूरला, ज्याला राशोल म्हणतात तिथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ त्या वर्षी छापलं गेलं. जन्माने इंग्रज असलेला हा जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांत ख्रिस्तकथा मराठीत सांगितली. छापली मात्र रोमन लिपीत. त्या पहिल्या आवृत्तीचीही प्रत उरलेली नाही. कीर्तनकारांनी ‘पुस्तक’ ऐकलं आणि त्यांच्या कानांना ‘मराठी पुस्तक’ ऐकू आलं. क्विझ मराठीत चाललेली असताना तसं ऐकू येणं स्वाभाविक आहे.

छापखानेवाल्यांचं १८०५. बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठीचं व्याकरण छापलं, त्यात देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, वापरले. हे गृहस्थ तरुणपणी स्वतः खिळे जुळवत बसलेले. लिपीचे खिळे पडेपर्यंत भाषेची छपाई सुरू झाली असं ते मानतच नाहीत.

सहा साल, आणि प्रत्येक एका वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर. पहिली छपाई कधी झाली, पहिलं बांधलेलं पुस्तक कधी निघालं, आज अस्तित्वात असलेलं सर्वांत जुनं कोणतं, भारतीय भाषेतलं पहिलं कोणतं, मराठीतलं पहिलं कोणतं, आणि देवनागरीतलं? माझ्या वाक्याने हे सगळे प्रश्न एकत्र विचारले होते, आणि उत्तर मात्र एकाचंच धरून बसलं होतं.

निकाल

शेवटी पात्रांव काउंटरमागून बाहेर आला आणि म्हणाला, ‘सर, स्वयंपाकघर अकराला बंद.’ मला निर्णय घ्यावा लागला.

दोन्ही टेबलांना गुण देऊन बरोबरी पुढे ढकलता आली असती, पण तोपर्यंत मला कुठलंच उत्तर तपासता आलेलं नव्हतं, आणि न तपासलेल्याला गुण देणं म्हणजे आवाजाला गुण देणं. मी प्रश्न रद्द केला आणि माझं चुकलं हे मोठ्याने सांगितलं. मग नवा प्रश्न विचारला, आकड्याचा, जो जवळ जाईल तो जिंकेल: ‘१६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात दोन्ही बाजूंमध्ये किती मतांचा फरक होता?’

कौलाचा प्रश्न त्या रात्री तिसऱ्या फेरीत येऊन गेला होता. गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला फूल आणि वेगळ्या संघप्रदेशाला दोन पानं, ही चिन्हं सहाही टेबलांना आली होती. उत्तर वाचल्यावर मात्र क्षणभर कुणी बोललं नव्हतं. फोंड्यातली कित्येक घरं तेव्हा फुलाच्या मागे होती. तथ्याबद्दल वाद नसतानाही एखादा प्रश्न माणसांच्या आत कुठे तरी लागतो, हे क्विझ घेणाऱ्याने ओळखलं पाहिजे.

खरा आकडा ३४,०२१. बाईंच्या टेबलाने ३४,००० लिहिलं. पोरांनी २०,०००. बाई जिंकल्या.

आणि पोरांची तक्रार पुन्हा रास्त होती. ‘सर, बाईंनी तो कौल पाहिलाय. आमचे वडीलसुद्धा तेव्हा जन्मले नव्हते.’ बाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या आणि तो आकडा त्यांच्या घरात पुढे कितीतरी वर्षं बोलला जात होता. अडचणीतून सुटण्याच्या घाईत मी एका टेबलाच्या अंगणातला प्रश्न दोघांसमोर ठेवला होता. बाईंनीच तोड काढली. ‘पात्रांव, दोन्ही बिलं अर्धी अर्धी करा. पोरं शिकतायत, त्यांना माशांचे पैसे कुठून परवडणार?’ पात्रांवाने मान डोलावली.

१५५७ आलं कुठून

दुसऱ्या दिवशी मी माग काढला. कार्डावरचं साल मी स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शक पुस्तकातून घेतलं होतं, आणि खात्रीसाठी दुसऱ्या एका पुस्तकात पाहिलं होतं. दोन्हीकडे तेच साल, म्हणून निर्धास्त झालो. नंतर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली, तर वाक्यंसुद्धा तीच. म्हणजे माझा साक्षीदार एकच होता.

या बाबतीत अमेरिकेत घडलेली एक गोष्ट क्विझवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती. टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप, अशी. ट्रिव्हियल परस्यूट या गाजलेल्या खेळाच्या कार्डावर तेच नाव छापून आलं, तेव्हा आपला कोश उचलला गेल्याचं त्याला कळलं. १९८४ साली त्याने तीस कोटी डॉलरचा दावा लावला. तो हरला, कारण तथ्यांवर कुणाची मालकी नसते असं न्यायालयांचं म्हणणं पडलं. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण ‘फिलिप’ लिहून गुण मिळवणारे आणि खरं उत्तर ठाऊक असून गुण गमावणारे लोक त्या काळात कुठल्या ना कुठल्या टेबलावर बसलेले असणार, आणि त्यांचं माझ्या मनात राहतं.

आता मी दोन पुस्तकं पाहताना आधी त्यांची वाक्यं ताडून बघतो. ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘सर्वांत जुना’ हे शब्द आले की कार्ड बाजूला ठेवतो आणि कोणत्या मापाने, कुणाच्या मते, आज उपलब्ध असलेल्यांपैकी की एकूणात, हे लिहिल्याशिवाय ते पाकिटात घालत नाही. ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ हा प्रश्न मी कायमचा काढून टाकला. असा कुठलाही खेळ अधिकृतपणे जाहीर केलेला नाही असं केंद्र सरकारने २०१२ साली माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलं, त्यामुळे काही जण तो गुगली म्हणून टाकतात. शाळेत हॉकी शिकलेल्या माणसाला पेचात पकडण्यात मला काही मजा दिसत नाही.

टायब्रेकची कार्डं आता आकड्याचीच असतात, आणि आकडा असा, जो कुणाच्याच घरातला नसतो. ऑगस्टसाठी लिहिलेलं कार्ड: ‘व्हॉयेजरवरच्या त्याच सोनेरी तबकडीत पृथ्वीवरच्या किती भाषांतले नमस्कार आहेत?’ पंचावन्न. त्यात मराठीही आहे. ठाऊक फारसं कुणाला नसतं, अंदाज सगळ्यांना करता येतो.

ऑगस्ट

ऑगस्टच्या शुक्रवारी टायब्रेकची गरज पडली नाही. पण दुसऱ्या फेरीत मी छापखाना परत आणला, वेगळ्या शब्दांत: ‘१५५६ साली गोव्यात उतरलेलं छपाईयंत्र मुळात दुसऱ्याच देशाला निघालं होतं. कोणत्या?’

दोन टेबलांनी जपान लिहिलं, एकाने चीन. झेवियर तिकडे गेले होते हे धरून लावलेला तर्क, चूक असला तरी सुरेख. पोरांच्या टेबलावर बराच वेळ कागदावर समुद्राचा नकाशा काढणं चाललं होतं. पोर्तुगालहून येणारं जहाज आफ्रिकेला वळसा घालून येतं, मग वाटेतलाच देश असेल, असं म्हणत ते इथिओपियापर्यंत पोहोचले. बाईंनी एका ओळीत लिहिलं, ‘अबिसीनिया’. बँक अधिकाऱ्यांच्या टेबलालाही आलं. छापखानेवाल्यांना आलं नाही.

फेरी संपल्यावर छापखानेवाले माझ्यापाशी आले. हरकत घेणार असं वाटून मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. ‘यंत्राबरोबर आलेला तो माणूस,’ त्यांनी विचारलं, ‘त्याचं नाव काय म्हणालात?’ मी पुन्हा सांगितलं. उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी खिळे जुळवावेत तसं एकेक अक्षर सुटं काढत ‘बुस्तामांते’ लिहिलं, कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.